उजेड रस्त्यावर पडायला हवा

रात्री जालन्यातून बाहेर पडणाऱ्या वाहनांत सळयांचे ट्रक भरपूर असतात. रोलिंग मिलमधून निघालेला गडद करड्या रंगाचा माल मागच्या फळीबाहेर आलेला असेल आणि ट्रकचे मागचे दिवे धुळीने माखलेले असतील, तर मागून येणाऱ्याला तो दिसतो तो फक्त स्वतःच्या हेडलाइटमुळे. दिवाळीनंतर त्यात उसाची भर पडते. जायकवाडीच्या डाव्या कालव्याखालचा अंबड, घनसावंगी, परतूर हा सगळा ऊसपट्टा. गाळप सुरू झालं की दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्रभर कारखान्याच्या वाटेवर असतात. बऱ्याच ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो, आणि रिफ्लेक्टर असलाच तर तो पाचटाखाली झाकलेला. अशा रस्त्यांवर चालणाऱ्या एसयूव्हीचा हेडलाइटचा बल्ब उडाला, तर नवा बल्ब नीट विचार करूनच घ्यायला हवा.

प्रत्यक्षात तो कसा घेतला जातो? गाडीवाला दुकानात जातो आणि गाडीचं नाव सांगतो. काउंटरवरून प्रश्न येतात: "पांढरा देऊ का पिवळा? शंभर-नव्वदचा देऊ? भाऊ, एलईडीच टाका ना, दिवसासारखं दिसतं." यातला एकही प्रश्न बल्बच्या नंबराचा नसतो. खरं तर पहिला प्रश्न तोच हवा.

कारण गाडीच्या नावावरून बल्ब ठरत नाही. २००२ साली आलेली स्कॉर्पिओ आणि २०२२ची स्कॉर्पिओ-एन यांच्या दिव्यांत काहीच सारखं नाही, आणि मधल्या वीस वर्षांत त्या नावाखाली दिव्यांची रचना अनेकदा बदलली. एकाच वर्षाच्या एकाच गाडीतही खालच्या व्हेरिएंटला साधा रिफ्लेक्टर, मधल्याला प्रोजेक्टर आणि वरच्याला कारखान्यातूनच एलईडी असं असू शकतं. म्हणून नंबर शोधायचा तो तीन ठिकाणी. पहिलं ठिकाण म्हणजे गाडीसोबत आलेलं पुस्तक. त्यात शेवटच्या पानांवर कुठल्या दिव्याला कुठला बल्ब आणि किती वॅटचा याचा तक्ता असतो. दुसरं, काढलेल्या बल्बचं धातूचं किंवा प्लास्टिकचं बूड, ज्यावर नंबर कोरलेला असतो. तिसरं ठिकाण फार थोडे लोक बघतात: हेडलाइटच्या काचेवर किंवा मागच्या आवरणावर बारीक अक्षरांत उमटवलेली खूण. तिथल्या अक्षरांत एच म्हणजे हॅलोजन, सी म्हणजे डिपर आणि आर म्हणजे अप्पर. गाडी सेकंडहँड घेतली असेल तर फक्त काढलेल्या बल्बवर विसंबू नका. आधीच्या मालकाने काय बसवलं होतं ते सांगता येत नाही. पुस्तक आणि दिव्यावरची खूण काय म्हणते ते पाहा.

नंबरांची ओळख एकदा करून घेतली की पुढचा गोंधळ बराच कमी होतो. एच४ हा आपल्याकडचा सर्वांत ओळखीचा बल्ब. एकाच काचेत दोन फिलामेंट, अप्परला ६० वॅट आणि डिपरला ५५. हा १९७१ सालापासून चालत आला आहे आणि साध्या रिफ्लेक्टरच्या असंख्य गाड्यांत आजही तोच असतो. ज्या गाड्यांत अप्पर आणि डिपरचे कप्पे वेगळे असतात, तिथे एका फिलामेंटचे बल्ब लागतात. डिपरला बहुधा एच७ किंवा एच११, अप्परला एच१, एच७ किंवा एचबी३. फॉग लॅम्पला एच८, एच११, एच१६ यांपैकी काही. म्हणजे एकाच एसयूव्हीच्या तोंडावर तीन वेगळ्या नंबरांचे बल्ब असू शकतात. "हेडलाइटचा बल्ब द्या" एवढं सांगून भागत नाही. अप्परचा, डिपरचा की फॉगचा, तेही सांगावं लागतं.

यातले काही नंबर दिसायला सख्खे भाऊ वाटतात आणि घात तिथेच होतो. एच८, एच९ आणि एच११ यांची बुडं जवळजवळ एकसारखी. फरक असतो तो कडेच्या लहान खाचांत आणि दातांत, तो चुकीचा बल्ब बसू नये म्हणून मुद्दाम ठेवलेला. एच११ ५५ वॅटचा, डिपरसाठी बनलेला. त्याच्या टोकाला काळा लेप असतो, कारण पुढच्या दिशेने थेट निसटणारा उजेड समोरच्याच्या डोळ्यांत जातो. एच९ ६५ वॅटचा, अप्परसाठीचा; त्याच्या टोकाला तो काळा लेप नाही आणि उजेड बराच जास्त. काही जण एच९चा दात कानशीने घासून तो एच११च्या जागी बसवतात आणि उजेड वाढला म्हणून खूश होतात. वाढलेल्या उजेडाचा मोठा भाग समोरून येणाऱ्या मोटरसायकलवाल्याच्या तोंडावर पडतो, हे गाडीत बसलेल्याला दिसत नाही.

एच४ बल्ब एकदा हातात घेऊन पाहण्यासारखा आहे. काचेला बोट न लावता, बुडाला धरून तो उजेडाकडे करा. आत दोन बारीक स्प्रिंगा दिसतील, एक पुढे, एक मागे. पुढच्या स्प्रिंगेच्या खाली पत्र्याची एक छोटी खोलगट पट्टी आहे. पुढची स्प्रिंग डिपरची. ती पेटते तेव्हा खाली जाणारा सगळा उजेड ही पट्टी अडवते. उरलेला उजेड रिफ्लेक्टरच्या फक्त वरच्या अर्ध्या भागावर पडतो, आणि तो भाग उजेड खाली रस्त्याकडे फेकतो. भिंतीवर डिपर टाकला की वर अंधार, खाली उजेड अशी जी कड दिसते, तिच्यामागे ही नखाएवढी पट्टी असते. मागची स्प्रिंग अप्परची. ती रिफ्लेक्टरच्या नाभीशी असते, तिच्याखाली पट्टी नाही, म्हणून तिचा उजेड पूर्ण रिफ्लेक्टर वापरून सरळ लांब जातो. पूर्वी हेडलाइटच्या काचेवर मधोमध काळा ठिपका रंगवत असत, तेव्हाही हेतू समोरच्याचे डोळे वाचवण्याचाच होता. एच४मध्ये ते काम बल्बच्या पोटातच नेमकेपणाने होतं.

आता एक हिशेब. रिफ्लेक्टरचं नाभीय अंतर २५ मिलिमीटर धरू. फिलामेंट आपल्या जागेवरून एक मिलिमीटर वर किंवा खाली सरकलं, तर झोत २५ला १ या प्रमाणात सरकतो. १० मीटरवर ४० सेंटिमीटर, ५० मीटरवर २ मीटर. रस्त्यावर पडायचा उजेड समोरच्या ट्रकच्या केबिनमध्ये जायला एक मिलिमीटर पुरतो. म्हणूनच चांगले उत्पादक फिलामेंटची जागा मिलिमीटरच्या लहानशा अंशापर्यंत सांभाळतात, आणि रस्त्याकडेला पन्नास-साठ रुपयांत मिळणाऱ्या नकली बल्बात नेमकं तेच सांभाळलेलं नसतं. तो पेटतो, पण उजेड कुठे जाईल याची हमी नसते. हेडलाइट आणि बल्ब या दोन सुट्या वस्तू नाहीत. दिवा बनवणाऱ्याने एका ठरावीक जागी, ठरावीक आकाराचं पेटलेलं फिलामेंट गृहीत धरून पूर्ण आरसा घडवलेला असतो.

हे समजलं की एलईडी बल्बची अडचण आपोआप कळते. बाजारात 'एच४ एलईडी', 'एच७ एलईडी' म्हणून मिळणारे बल्ब जुन्या हॅलोजन दिव्यात बसतात, भिंतीवर लख्ख दिसतात, आणि सहा हजार, दहा हजार लुमेनचे आकडे खोक्यावर छापलेले असतात. पण फिलामेंट सगळ्या बाजूंनी गोल उजेड देतं. एलईडीच्या चिप पट्टीच्या दोन बाजूंना चिकटवलेल्या असतात. जाडी वेगळी, लांबी वेगळी, बाजूंना उजेडात खाच. रिफ्लेक्टरला हा अनोळखी उगम मिळाला की गाडीच्या अगदी पुढे, पाच-दहा मीटरवर, पांढराशुभ्र पट्टा पडतो आणि ७०-८० मीटरवर, जिथे ट्रॉली उभी असते तिथे, उजेड आधीपेक्षा कमी होऊ शकतो. जवळचा भाग फार उजळला की डोळ्याची बाहुली आकसते आणि लांबचा अंधार आणखी गडद वाटतो. चालकाला मात्र भरपूर दिसतंय असंच वाटत राहतं. या बल्बांत मला सर्वांत धोकादायक वाटते ती हीच गोष्ट. जर्मनीने २०२०पासून काही मोजके एलईडी बल्ब रस्त्यावर वापरायला मान्यता दिली, तीही ठरावीक गाडीच्या ठरावीक दिव्यातच, तपासून. कुठल्याही दिव्यात कुठलाही, अशी मोकळीक तिथेही नाही. कारखान्यातून एलईडी असलेल्या एसयूव्हीची गोष्ट वेगळी. तिथे आरसा आणि भिंग एलईडीसाठीच घडवलेलं असतं. अशा बऱ्याच दिव्यांत बदलायचा बल्ब नसतोच, बिघाड झाला की पूर्ण दिवा बदलावा लागतो. नवी गाडी घेताना त्या दिव्याची किंमत विचारून ठेवावी.

शंभर-नव्वदच्या बल्बाचं दुखणं वेगळं आहे. आकार एच४चाच, फिलामेंटही साधारण जागेवर, पण ६०/५५ऐवजी १००/९० वॅट. १२ व्होल्टला ६० वॅटचे दोन बल्ब मिळून १० अँपिअर घेतात. १०० वॅटचे दोन जवळपास १७ अँपिअर. कारखान्याची वायर, स्विच आणि होल्डर १० अँपिअरच्या हिशेबाने दिलेले. ऑटो इलेक्ट्रिशियनच्या टेबलावर काढून टाकलेले होल्डर एकदा बघा: एका पिनेभोवतीचं प्लास्टिक तपकिरी होऊन ओघळलेलं, आतली पितळी पट्टी निळसर काळी पडलेली. रिफ्लेक्टरचा चकचकीत मुलामाही या उष्णतेने जळून पिवळसर होतो आणि मग साधा बल्ब परत टाकला तरी पूर्वीचा उजेड येत नाही. पक्की वायरिंग किट, रिले आणि सिरॅमिक होल्डर टाकून वितळणं थांबवता येतं, पण समोरच्याला होणारा त्रास त्याने थांबत नाही.

आणि गंमत म्हणजे ही रिले असलेली वायरिंग किट साध्या ६०/५५च्या बल्बाला फार उपयोगी पडते. जुन्या गाडीत हेडलाइटचा पूर्ण करंट स्टिअरिंगखालच्या स्विचमधून फिरून येतो. वायर जुनी, जोडांना गंज, अर्थिंग ढिलं. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.५ व्होल्ट असतील आणि बल्बच्या होल्डरवर मीटर लावल्यावर १२च दिसत असतील, तर ते दीड व्होल्ट वाटेत गेले. ऐकायला थोडं वाटतं. पण हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या साडेतीनाव्या घाताच्या आसपास बदलतो. ११ टक्के व्होल्टेज गेलं की जवळपास एक तृतीयांश उजेड गेला. 'गाडीचा उजेड कमी झाला, मोठा बल्ब टाका' अशी तक्रार घेऊन आलेल्या गाडीला अनेकदा नव्या बल्बची गरजच नसते; जाड वायर, रिले आणि साफ केलेलं अर्थिंग पुरतं. उलट बाजूही लक्षात ठेवावी. व्होल्टेज ५ टक्क्यांनी जास्त असेल तर बल्बचं आयुष्य जवळजवळ निम्मं होतं. महिन्या-दोन महिन्यांनी बल्ब उडत असतील तर दुकानदाराला दोष देण्याआधी अल्टरनेटर जास्त चार्ज करतोय का ते तपासून घ्या.

उजेड कमी होण्याचं आणखी एक कारण म्हणजे दिव्याची बाहेरची काच, आणि ते डोळ्यांसमोर असूनही लक्षात येत नाही. आताच्या गाड्यांत ती काच नसून पॉलिकार्बोनेट असतं. उन्हाने त्यावरचा संरक्षक थर जातो, पृष्ठभाग पिवळट, खरखरीत होतो. उन्हाळाभर उन्हात उभ्या राहणाऱ्या गाड्यांत हे लवकर होतं. धूसर काचेतून उजेड नुसता कमी होत नाही, तो विखुरतो आणि कडेबाहेर पसरतो. बारीक पॉलिश कागद आणि कंपाउंड मारून ती उजळते. मात्र वर उन्हापासून वाचवणारा थर दिला नाही तर काही महिन्यांत परत पिवळी. धुक्यात पिवळा उजेड 'आरपार जातो' या समजुतीलाही इथेच हात घालतो. धुक्याचे थेंब इतके मोठे असतात की रंगाने फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो दिवा खाली बसवलेला असण्याने आणि त्याच्या झोताला वरून सरळ कड असण्याने. निळसर लेपाचे बल्ब मात्र टाळावेत. तो लेप उजेडाचा काही भाग गाळून टाकतो, आणि निळसर झोत समोरच्याच्या डोळ्यांना जास्त खुपतो.

खोक्यावर '+१००%', '+१३०%' लिहिलेले चांगल्या कंपन्यांचे हॅलोजन येतात. ते खोटे नसतात, पण तो आकडा एकूण उजेडाचा नाही; रस्त्यावरच्या ठरावीक बिंदूंवर किमान मानकाच्या तुलनेत किती प्रखर, त्याचा तो आहे. वॅट तेवढेच, फिलामेंट बारीक आणि जास्त तापणारं. लांबवर थोडं जास्त दिसतं, आयुष्य बरंच कमी. रोज रात्री जालना-सिंदखेडराजा करणाऱ्याला ते परवडेल. गावाबाहेर क्वचित जाणाऱ्याला साधाच बल्ब ठीक.

बसवणं अवघड नाही, पण त्याचे काही नियम आहेत. दिवे बंद, चावी काढलेली, बल्ब थंड झालेला. मागची रबरी टोपी काढा, कपलर ओढा, तारेची क्लिप दाबून बाजूला करा. एच४च्या बुडाला तीन पाकळ्या असतात, त्यातली एक वेगळ्या मापाची; ती आपल्या खाचेत गेली की बल्ब सपाट बसतो, डुलत नाही. डुलत असेल तर तो चुकीचा बसलाय, क्लिप जोर लावून लावू नका. हॅलोजन बल्बची भिंत क्वार्ट्झची. आतला हॅलोजन वायू फिलामेंटवरून उडालेलं टंगस्टन परत फिलामेंटवर आणून सोडतो, म्हणून काच काळी पडत नाही. जनरल इलेक्ट्रिकच्या फ्रिडरिक आणि वायली यांना १९५९मध्ये या दिव्याचं पेटंट मिळालं. पण हे चक्र चालायला भिंत २५० अंशांच्या वर तापावी लागते. बोटाचा घाम किंवा तेल लागलं की त्या जागी क्वार्ट्झ खराब होतं आणि बल्ब लवकर फुटतो. हात लागलाच तर स्पिरिटने पुसून, कोरडा करून मगच बसवा. शेवटी रबरी टोपी नीट चेपून बसवणं विसरू नका; ती सैल राहिली की पहिल्या पावसात दिव्यात पाणी. एक बल्ब उडाला की दुसराही त्याच वयाचा असतो, म्हणून जोडी बदलावी आणि चांगला जुना बल्ब डिकीत ठेवावा.

मग फोकस. बल्ब बदलल्यावर तो तपासणारे फारच थोडे. जागा सपाट हवी, टायरमध्ये हवा बरोबर हवी, गाडीत फक्त चालक. भिंतीपासून १० मीटरवर गाडी सरळ उभी करा, दिव्याच्या केंद्राची उंची भिंतीवर खडूने आखा आणि डिपर लावा. दिव्यावर '१%' लिहिलं असेल तर उजेडाची कड खडूच्या रेघेखाली १० सेंटिमीटर दिसायला हवी. उंच एसयूव्हीला काही वेळा हा आकडा जास्त दिलेला असतो. आपण डावीकडून चालतो म्हणून कड डाव्या टोकाला थोडी वर चढते, ते बरोबर आहे. उजवीकडे चढत असेल तर दिवा दुसऱ्या देशाच्या रहदारीसाठी बनलेला आहे, तो बदला. केंद्रीय मोटार वाहन नियमावलीत यासाठी मोजमाप दिलेलं आहे: दिव्यापासून ८ मीटर पुढे, अर्धा मीटर उजवीकडे आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर असलेल्या डोळ्याला झोताने दिपवता कामा नये. दीड मीटर म्हणजे समोरून येणाऱ्या मोटरसायकलस्वाराच्या डोळ्यांची उंची.

या भिंतीवरच्या १० सेंटिमीटरचा रस्त्यावर अर्थ काय? दिवा ८० सेंटिमीटर उंच असेल तर १ टक्का झुकलेला झोत ८० मीटरवर जमिनीला टेकतो. बल्ब कितीही प्रखर घ्या, डिपरवर मुख्य उजेड त्यापुढे जात नाही; डाव्या कडेला थोडा जास्त. ताशी ८० किलोमीटरच्या वेगात धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला तर ३३ मीटर, आणि चांगल्या ब्रेकने थांबायला आणखी ३५. बेरीज ६८, म्हणजे जेमतेम बसतं. डिसेंबर २०२२मध्ये नागपूर ते शिर्डी खुल्या झालेल्या आणि आपल्या जिल्ह्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर गाडी १२०ने जात असेल तर ही बेरीज १३० मीटरच्या घरात जाते. तिथे डिपरवर चालणं म्हणजे न दिसणाऱ्या रस्त्यावर चालणं. समोर कुणी नसेल तेव्हा अप्पर, समोर दिवे दिसले की लगेच डिपर, आणि सलग डिपरवर राहावं लागत असेल तर वेग कमी. हे कुठल्याही बल्बने बदलत नाही.

एवढं सेट केलेलं सगळं मागच्या सीटवर माणसं आणि डिकीत पोती भरली की बिघडतं. मागचा भाग बसतो, पुढचा उचलतो, आणि फोकस अर्धा अंश जरी वर गेला तरी उजेडाची कड जवळपास आडवी होते. रस्त्यावर पडणारा उजेड समोरच्याच्या डोळ्यांत. यासाठी स्टिअरिंगच्या उजवीकडे खाली एक लहान चाक असतं, ० ते ३ आकडे लिहिलेलं. लग्नाला सात जण आणि सामान घेऊन राजूरकडे निघालात तर पुस्तकात सांगितल्याप्रमाणे ते २ किंवा ३वर फिरवायचं, आणि माणसं उतरली, डिकी रिकामी झाली की परत शून्यावर आणायचं, नाहीतर परतीच्या वाटेवर तीस मीटरच्या पुढचं काही दिसणार नाही.